नाईट ड्युटी, एक सिस्टर आणि बोलेरोभर नातेवाईक

पेपरातल्या बातमीचा साचा ठरलेला असतो. रुग्ण दगावला, नातेवाईक संतप्त झाले, काचा फुटल्या, परिचारिकेला मारहाण. या साच्यातून दोन गोष्टी गळतात. नातेवाइकांना संतप्त व्हायला सहसा काही तास लागलेले असतात आणि त्या तासांत त्यांच्याशी कुणी धड बोललेलं नसतं, ही एक. ज्या निर्णयाचा राग आलाय तो सिस्टरने घेतलेलाच नसतो, ही दुसरी. खाट शिल्लक नाही, व्हेंटिलेटर रिकामा नाही, औषध बाहेरून आणा, पेशंट पुढे न्या, बिल भरा. यातलं काहीच ठरवायचा अधिकार तिला नाही. पण हे सांगायला तिलाच पुढे करतात, आणि सांगून झाल्यावर तिथून निघून जायची सोयही तिला नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते ३८ टक्के जणांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसेला तोंड द्यावं लागतं. शिव्या आणि धमक्या त्यात धरलेल्या नाहीत. आकडा इथेच सोडू, कारण जगाची सरासरी कळल्याने मिरजेच्या अपघात विभागातली रात्र सोपी होत नाही. हल्ल्याच्या वेळा आणि जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात, हे कळलं तर थोडी सोपी होते.

सुरुवातीलाच एक फरक करायला हवा. हात उगारणारा पेशंट आहे की पेशंटसोबत आलेला? दोन्हीला आपण 'मारहाण' म्हणतो, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

पेशंट मारतो तेव्हा

कालपर्यंत शांत असलेला पेशंट अचानक सलाईन उपटतो, शिव्या देतो, लाथ मारतो. तेव्हा पहिला संशय त्याच्या स्वभावावर घेऊ नये, शरीरावर घ्यावा. आधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७० च्या खाली गेलेला मधुमेही माणूस दारू प्यायल्यासारखाच वागतो. मग बोटाला ऑक्सिमीटर. मग डोक्याला मार लागल्याची हकिकत, ताप, आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: लघवी तुंबली आहे का. म्हाताऱ्या, गोंधळलेल्या माणसाचं मूत्राशय भरलं की तो खाटेवरून उतरायला बघतो, आपण त्याला दाबून धरतो आणि तो चावतो. ओटीपोटावर हात ठेवून पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

दारूचं गणित तर तारखेसकट मांडता येतं. शेवटचा घोट घेतल्यापासून ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, झोप न लागणं सुरू होतं. झटके येणार असले तर साधारण पहिल्या दोन दिवसांत येतात. भ्रम, भास आणि मारामारीचा टप्पा ४८ ते ९६ तासांच्या मध्ये येतो. म्हणजे रविवारी रात्री मोटारसायकलवरून पडून पाय मोडून आलेला माणूस मंगळवारी किंवा बुधवारी रात्री उठणार, आणि तो मेडिसिनच्या नव्हे, हाडांच्या वॉर्डात उठणार, जिथे याची कुणाला कल्पना नसते. म्हणून भरती करतानाच विचारावं: रोज किती घेतो आणि शेवटची कधी घेतली? हे त्याला विचारू नये, बायकोला किंवा आईला बाजूला घेऊन विचारावं. उत्तर केसपेपरच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं आणि डॉक्टरकडून थायमिन (जीवनसत्त्व ब १) व बेंझोडायझेपिन (शांत करणारं औषध) यांची ऑर्डर दिवसाउजेडीच लिहून घ्यावी. रात्री अडीचला पेशंट ट्रॅक्शन (मोडलेला पाय ताणून धरणारं वजन) ओढत असताना निवासी डॉक्टरला फोन लावत बसण्यात अर्थ नाही.

आपल्या सांगली-सातारा भागात आणखी एक प्रकार हमखास दिसतो. द्राक्षबागा आणि ऊस असलेल्या पट्ट्यात कीटकनाशक पिऊन आलेले पेशंट काही दुर्मीळ नाहीत. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाला अॅट्रोपिन देतात, आणि ते जास्त झालं की पेशंट हवेत काहीतरी पकडू लागतो, कपडे काढतो, हाताला येईल ते फेकतो. त्वचा लाल आणि कोरडी, अंग तापलेलं, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी धावती, आतड्यांचा आवाज बंद, लघवी तुंबलेली: हे सगळं एकत्र दिसलं तर तो 'माजलेला' नाही, त्याला औषध चढलंय. डॉक्टरला बोलवायचं ते ड्रिप थांबवून मात्रा कमी करण्यासाठी, पेशंटला दम द्यायला नव्हे. तासातासाला नाडी, बाहुल्या, काखेतला घाम आणि छातीचा आवाज यांचा तक्ता नीट भरलेला असेल तर ही वेळ बऱ्याचदा आधीच हेरता येते. अशा पेशंटच्या खाटेजवळ कात्री, काचेची बाटली, सुटा सलाईन स्टँड ठेवू नये. विष पुन्हा घेण्याचा धोका असतो तो वेगळाच.

धोका मोजायला नॉर्वेत तयार झालेली ब्रॉसेट नावाची छोटी यादी आहे. पेशंट गोंधळलेला आहे का, चिडचिडा आहे का, आरडाओरडा करतोय का, तोंडी धमकी देतोय का, अंगावर येतोय का, वस्तूंवर राग काढतोय का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. शून्य म्हणजे धोका कमी, एक-दोन म्हणजे सावध, तीन किंवा जास्त म्हणजे आत्ताच माणसं गोळा करा. ही मोजणी पुढच्या २४ तासांपुरती असते, म्हणून दर पाळीला पुन्हा करायची. ती मनोरुग्ण विभागासाठी बनली, पण मेडिसिन वॉर्डातही चालते आणि चार्ज देताना 'पेशंट जरा त्रासदायक आहे' या वाक्यापेक्षा 'ब्रॉसेट तीन' हे पुढच्या पाळीला लवकर कळतं.

हातपाय बांधण्याबद्दल थोडं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९७ सांगतं की बांधून ठेवणं ही शिक्षा असू शकत नाही आणि कर्मचारी कमी आहेत हे त्याचं कारण होऊ शकत नाही. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि तेवढाच वेळ. हा कायदा मानसोपचार संस्थांसाठी असला तरी साध्या वॉर्डानेही हीच शिस्त पाळावी. डॉक्टरची लेखी ऑर्डर घ्या, वेळ लिहा, नातेवाइकाला आधी कारण सांगा. हे न सांगितल्यामुळे 'माझ्या बापाला जनावरासारखं बांधलं' म्हणत दुसरी मारामारी उभी राहते. पट्टी आणि मनगट यांच्यात दोन बोटं जायला हवीत. गाठ ओढताच सुटणारी असावी आणि ती खाटेच्या चौकटीला बांधावी, वरखाली होणाऱ्या कठड्याला नाही. पालथं कधीच झोपवू नये. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि श्वास पाहून तक्त्यात नोंद करावी. पाच माणसं लागतात: चार अवयवांना चार आणि डोक्याशी बोलणारा एक. बोलणारा एकच असावा. पाच जण एकदम ओरडू लागले की गोंधळलेला माणूस आणखी बिथरतो.

भ्रमात असलेल्या पेशंटवर पोलिसात तक्रार करायची का? आमच्या मते नाही. पण घटना नोंदवही मात्र भरायचीच. गुन्हा नसला तरी इजा झालेली असते, आणि नोंद नसेल तर उद्या त्याच खाटेजवळ दुसऱ्या सिस्टरला एकटीने पाठवलं जातं.

नातेवाईक: राग कुठे साठतो

सर्पदंशाचं उदाहरण घेऊ, कारण यात सगळ्या चुका एकाच तासात दिसतात. शिराळा, पाटण, जावळी अशा भागातून पेशंट येतो, सोबत गाडीभर माणसं. सगळ्यांची एकच मागणी: सापाचं इंजेक्शन द्या. आणि सिस्टर काय करते? शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घेऊन काचेच्या कोरड्या, नव्या नळीत घालते आणि नळी न हलवता २० मिनिटं ठेवून देते. रक्त गोठतं का ते पाहायचं असतं. नाही गोठलं तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलंय असं धरतात. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल फसतो. नातेवाइकांना यातलं काही माहीत नसतं. त्यांना दिसतं ते इतकंच, की आपला माणूस तडफडतोय आणि ही बाई नळीकडे बघत उभी आहे. त्या २० मिनिटांत आवाज चढतो.

इथे एक वाक्य पुरतं, पण ते रक्त काढण्याआधी यायला हवं: "दादा, हे रक्त २० मिनिटांत गोठतंय का बघायचंय, त्यावर औषध ठरतं, तोवर दर पाच मिनिटांनी मी श्वास आणि पापण्या बघत राहणार आहे." मण्यार चावलेला पेशंट सुरुवातीला ठणठणीत दिसतो, जागेवर सूज नसते, आणि पुढे पापण्या जड होऊन श्वास अडतो, हेही आधीच सांगावं. नाहीतर 'चालत आलेला माणूस तुम्ही मारला' हे ठरलेलं. प्रतिविष सुरू करतानाही तसंच. दहा कुप्या तासाभरात जातात आणि त्यात अंगावर गांध्या, थंडी, धाप येऊ शकते. त्यासाठी अॅड्रेनॅलिन आधीच भरून ठेवतात. हे नातेवाइकाला आधी सांगितलेलं असेल तर प्रतिक्रिया आल्यावर तो मदतीला धावतो. सांगितलं नसेल तर त्याच्या लेखी सिस्टरने चुकीची सुई दिली.

'शेवटची सुई' हा दोषारोप सगळ्या वॉर्डांत असतो. माणूस जाण्याआधी ज्या हाताने शेवटचं इंजेक्शन दिलं त्या हातावर आळ येतो. म्हणून तातडीची औषधं देताना नाव आणि मात्रा मोठ्याने म्हणावी, एकाने वेळेसकट लिहावी, आणि रिकाम्या अॅम्प्यूल्स त्या प्रकरणाची कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत ट्रेमध्येच ठेवाव्यात. पुढे कोणतं औषध, कोणती बॅच, हा प्रश्न आला तर उत्तर ट्रेमध्येच सापडतं.

मिरजेत भाषेचाही भाग आहे. १८९४ पासून मिशन हॉस्पिटलमुळे या गावाचं वैद्यकीय नाव झालं आणि अथणी, चिक्कोडी, विजयपूरकडून आजही पेशंट येतात. जतच्या पूर्व भागातही कानडी बोलणारी घरं भरपूर. मराठीत चार वेळा 'थांबा' म्हटलेलं त्यांना हिडीसफिडीस वाटतं. 'तडीरी' (थांबा), 'डॉक्टर बर्तार' (डॉक्टर येतात), 'अंजब्याड्री' (घाबरू नका) एवढे तीन शब्द प्रत्येक पाळीत येणं अवघड नाही. ऊसतोड हंगामात बीडकडून येणारी कुटुंबं वेगळ्या अडचणीत असतात: मुकादम सोबत असेल तर पैसा आणि निर्णय त्याच्याकडे, आई-बाप मागे उभे. तेव्हा बोलायचं ते आई-बापाशी, मुकादमाच्या देखत.

गर्दी आवरायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बोलणारा एकच माणूस ठरवून घेणं. "तुमच्यातला एक जण सांगा, मी आणि डॉक्टर त्यांच्याशीच बोलू." त्याचं नाव, नातं आणि मोबाइल केसपेपरवर. मग दर अर्ध्या तासाला त्याला काहीतरी सांगायचं, नवीन काही नसलं तरी. "अजून फरक नाही, सीटी स्कॅनचा रिपोर्ट यायचाय" हीसुद्धा माहिती आहे. गावचा पोलीस पाटील किंवा सरपंच सोबत आला असेल तर त्याला बाहेर थांबवू नये, आत बोलवून बसवावं. बाहेरच्या तीस जणांना तो जितक्या लवकर शांत करतो तितक्या लवकर सुरक्षारक्षक करू शकत नाही. मात्र तो हुकूम सोडायला लागला तर डॉक्टरला पुढे करायचं, सिस्टरने वाद घालायचा नाही.

बाहेरच्या औषधाची चिठ्ठी रात्री अकरानंतर हातात देताना कोणतं दुकान उघडं आहे हेही सांगावं. पैशाचे प्रश्न सिस्टरने अंगावर घेऊच नयेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं काम आरोग्यमित्राकडे आहे. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, त्याची चौकशी समाजसेवा अधीक्षकाकडे. या दोघांचे मोबाइल नंबर नर्सिंग स्टेशनच्या काचेवर लावलेले असले की निम्मे वाद तिथेच वळतात. बिलासाठी मृतदेह अडवायचा असा ज्या दवाखान्याचा खाक्या आहे, तिथल्या सिस्टरला कोणतंही प्रशिक्षण वाचवू शकत नाही. तो व्यवस्थापनाचा नालायकपणा आहे.

मृत्यू झाल्यावर

ही सर्वांत धोक्याची अर्धी घटका. मृत्यू डॉक्टरनेच सांगायचा. 'सिस्टर, तुम्ही कळवून टाका' असं म्हणून कॅन्टीनला जाणारा निवासी डॉक्टर स्वतःचा मार तिच्या पदरात टाकतो, आणि हे वाक्य इनचार्ज सिस्टरने तोंडावर नाकारायला शिकलं पाहिजे. सांगायची जागा व्हरांडा नसावी. बसायला खुर्च्या असलेली, दोन दारांची खोली, आणि दाराकडची बाजू आपल्याकडे. आत जास्तीत जास्त तीन-चार जवळचे. बाहेर रक्षकांना आधीच सूचना, पण खोलीत वर्दी नको. 'गेले' किंवा 'मृत्यू झाला' असं स्पष्ट म्हणावं; 'आम्ही प्रयत्न केले', 'थोडं गंभीर झालं' अशा गोल शब्दांमुळे लोक आशा धरतात आणि दोन मिनिटांनी ती तुटली की खवळतात. सांगून झाल्यावर गप्प बसावं. रडू द्यावं.

नंतर मृतदेहापाशी सिस्टर एकटी उरते: नळ्या काढणं, पुसणं, बांधणं. हे काम दोघींनी मिळून करावं आणि पडदा पूर्ण ओढलेला असावा. जवळच्या एकाला आधी पाहू द्यावं, शक्यतो आईला किंवा बायकोला. नळ्यांसकट चेहरा पाहिलेला माणूस नंतर 'तुम्ही काहीच केलं नाही' असं सहसा म्हणत नाही. पण प्रकरण पोलिसांत नोंदलेलं असेल तर नळ्या काढायच्या की नाहीत हे आधी डॉक्टरला विचारावं.

शवविच्छेदनाच्या वेळेवरून होणारा दंगा वेगळाच. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला परवानगी दिली, हे व्हॉट्सअॅपवरून सगळ्यांना माहीत झालंय. मात्र आत्महत्या, खून, बलात्कार, कुजलेला मृतदेह, घातपाताचा संशय अशा प्रकरणांत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, ते रात्री करत नाहीत. विष पिऊन गेलेल्याचा मृतदेह म्हणूनच सकाळपर्यंत थांबतो. हे पोलिसांनी सांगायचं असतं, पण पोलीस पंचनाम्याला यायला वेळ लागतो आणि प्रश्न सिस्टरला विचारतात. एका छापील कागदावर हा नियम मराठी आणि कानडीत लावून ठेवला तर तिचं बोलणं वाचतं.

अंगावर आलाच तर

माणसाकडे सरळ तोंड करून उभं राहू नये. थोडं तिरकं, दोन हातांच्या अंतरावर, हात दिसतील असे. आपल्या आणि दाराच्या मध्ये तो नको. स्टेथोस्कोप गळ्यात नको, ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणाऱ्या चापाची हवी, मंगळसूत्र कपड्याच्या आत. खिशात कात्री ठेवायची सवय मोडा. मनगट पकडलं तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यावा, तिथे पकड उघडी असते. केस धरले तर मागे ओढू नये. दोन्ही हातांनी त्याचाच हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबून धरावा म्हणजे केस उपटत नाहीत, आणि ओरडावं. गळा धरला तर हनुवटी छातीला टेकवावी. हे वाचून जमत नाही, महिन्यातून दहा मिनिटं एकमेकींवर करून पाहावं लागतं.

कुणी मोबाइलवर शूटिंग करत असेल तर फोनला हात लावू नका. हिसकावल्याचा दोन सेकंदांचा तुकडाच पुढे फिरतो आणि फिर्याद उलटते. "इतर पेशंट आहेत, कृपया बंद करा" एवढं म्हणून रक्षकाला हाक मारावी. हाकेसाठी वॉर्डात एक ठरलेला शब्द हवा, आणि तो ऐकून कोण धावणार, कोण ११२ लावणार, बाकीच्या पेशंटपाशी कोण थांबणार हेही आधीच ठरलेलं हवं. सरकारी दवाखान्यात महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान असतात, पण ते गेटवर असतात. तिसऱ्या मजल्यावर यायला त्यांना लागणारा वेळ घड्याळ लावून मोजून ठेवावा. तेवढा वेळ स्वतःच काढायचा आहे, म्हणून आतून कडी लागणारी एक खोली हवी. औषधांची खोली बहुतेक ठिकाणी असतेच, फक्त कडी बाहेरून असते. ती आज बदलता येईल.

पहिले सहा तास

आधी जखम. झटापटीत सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवावं, पिळू नये. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्यात. ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा. कावीळ ब ची लस पूर्ण झाली आहे का ते पाहावं. डोळ्यात थुंकला असेल तर सलाईनने भरपूर धुवावं. माणसाचा चावा किरकोळ समजू नये, तो लवकर चिघळतो. धुलाई, धनुर्वात, अँटिबायोटिक तिन्ही. आणि हे सगळं 'आपल्याच सिस्टर आहेत, गोळी घ्या' असं तोंडी न उरकता अपघात विभागात केसपेपर काढून, एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून करावं. मुका मार दुसऱ्या दिवशी निळा दिसतो, म्हणून फोटो दोनदा काढावेत.

मग तक्रार. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा स्वतंत्र अधिनियम आहे. त्यात परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीही येतात, खासगी दवाखानेही येतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोडतोड झाली असेल तर नुकसानीच्या दुप्पट वसुली. यातली हिंसाचाराची व्याख्या रुंद आहे: धमकावणं आणि कामात अडथळा आणणंही त्यात बसतं. ठाण्यात 'लागलं नाही ना कुठे? मग एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो' असं म्हणतात तेव्हा याच व्याख्येवर बोट ठेवायचं. फिर्यादीत अधिनियमाचं नाव स्वतः लिहून न्यावं. सरकारी नोकरीतल्या सिस्टरसाठी भारतीय न्याय संहितेची, सरकारी नोकरावरच्या हल्ल्याची कलमं १२१ आणि १३२ जोडली जातात, खासगीतल्या सिस्टरला ती लागू नाहीत. तिथे ठाणं कधी कधी साध्या मारहाणीचं ११५ लावून मोकळं होतं, कारण २०१० चा कायदा कुणी आठवून दिलेला नसतो. अंगाशी लगट, अश्लील बोलणं असेल तर कलमं ७४, ७५, ७९. तो जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

फिर्याद सिस्टरने एकटीने का द्यावी? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्या प्रकरणानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्टला सूचना काढली: ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवावा. खासगी दवाखान्यांनीही हा नियम आपला म्हणून भिंतीवर लावावा. संस्थेची फिर्याद असली की सिस्टरचा पत्ता, घर, गाव यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सातारा-सांगलीसारख्या भागात, जिथे दोन फोनमध्ये माणूस सापडतो, याचं मोल फार आहे.

पोलिसांनी टाळलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाचे नियम असलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण ती १४ दिवसांत संपवायची असते. 'चौकशी चालू आहे' हे महिनाभर ऐकून घेऊ नये. अजामीनपात्र म्हणजे आरोपी लगेच आत, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहायची नोटीस देऊन सोडू शकतात आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पेशंटचा डबा घेऊन वॉर्डात हजर होतो. म्हणून त्या सिस्टरची ड्युटी त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर लावावी. तिला रजेवर पाठवू नये, मागितली तर मात्र द्यावी.

सीसीटीव्हीचं फुटेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्याने, कुठे महिन्याने. ते जपून ठेवा असं लेखी पत्र त्याच दिवशी प्रशासनाला द्यावं आणि पोच घ्यावी. न्यायालयात ते टिकायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, हे काम ज्याच्याकडे रेकॉर्डर आहे त्याचं.

त्रास देणारा बाहेरचा असला तरी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मालकाला मोकळा सोडत नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तक्रार तीन महिन्यांत करता येते, आणि बाहेरच्या माणसावर गुन्हा नोंदवायला सिस्टरला मदत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत ते एकदा शोधून बघा. सापडली नाहीत तर मागणीची सुरुवात तिथूनच करावी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. चाळीस खाटांवर रात्री एकटी सिस्टर असेल तर वर सांगितलेलं 'दर अर्ध्या तासाला बोला' कागदावरच राहतं, हे मागणीपत्रात तसंच्या तसं लिहावं.

दोन-तीन दिवसांत मिटवामिटवीला माणसं येतात. गावातला मोठा माणूस, कधी दवाखान्याचाच एखादा विश्वस्त. माफी घ्यायची की नाही हे तिचं तिने ठरवावं, पण एक माहीत असावं: गुन्हा नोंदला गेला की तो ठाण्यातल्या ठाण्यात मागे घेता येत नाही. साक्षीचं बोलावणं यायला वर्षं जाऊ शकतात. तोवर बदली झालेली असते, वॉर्डाच्या वह्या रेकॉर्ड रूममध्ये गेलेल्या असतात. म्हणून फिर्यादीची प्रत (ती मोफत मिळते), घटना नोंदवहीचं पान, जखमांचं प्रमाणपत्र, फोटो आणि त्या दिवसाच्या ड्युटी रोस्टरची झेरॉक्स घरी एका फाईलमध्ये ठेवावी. रोस्टर विशेष जपावं. कायदा 'कर्तव्य बजावत असताना' झालेल्या हिंसेबद्दल आहे, आणि त्या रात्री तुम्ही त्याच वॉर्डात ड्युटीवर होता हे दाखवणारा सगळ्यात साधा कागद तोच.